टीव्ही सिंडिकेशनचा धंदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (आणि काही न विचारलेले)

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं ऑफिस आहे, खाली लेथ मशीनचं वर्कशॉप आणि वर आम्ही चौघं. पाटीवर सिंडिकेशन असं मोठ्या अक्षरात लिहिलंय त्यामुळे पहिल्या वर्षी एक आजोबा सिंडिकेट बँक समजून पासबुक भरून घ्यायला आले होते, मग चहा पिऊन गेले. तेव्हापासून सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लग्नात, मामलेदारच्या मिसळीच्या रांगेत कोणी ना कोणी तेच तेच विचारत असतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू. मी वकील नाही, सीएपण नाही, पंधरा वर्षं हेच काम करतोय एवढंच. त्यामुळे कुठेही सही करण्याआधी वकिलाला दाखवा, माझं नाव सांगू नका.

सिंडिकेशन म्हणजे नक्की काय हो?

एकदा बनलेला कार्यक्रम वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा दाखवायची परवानगी विकणं. नीट वाचा, कार्यक्रम विकत नाही, परवानगी विकतो. घोडबंदरला तुमचा फ्लॅट आहे आणि तो तुम्ही अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिलाय, मालकी तुमचीच, तसंच हे. फरक इतकाच की फ्लॅटमध्ये एका वेळी एकच भाडेकरू राहतो आणि सिरियलमध्ये एकाच वेळी दहा राहू शकतात, एक केनियात, एक इंडोनेशियात, एक विमानातल्या त्या छोट्या स्क्रीनवर, आणि कोणाचा पाय कोणाला लागत नाही. लागला तर समजायचं की आमच्यासारख्या कोणीतरी कागद नीट वाचला नव्हता.

म्हणजे तुम्ही सिरियल बनवता?

नाही. आणि नाही, ऑडिशनपण घेत नाही. फोटो पाठवू नका प्लीज.

मग तुम्ही करता काय दिवसभर?

ज्याच्याकडे हक्क आहेत त्याच्याकडून माल घ्यायचा, त्याचा कॅटलॉग बनवायचा, चॅनेलवाल्यांना, ओटीटीवाल्यांना, परदेशातल्या बायर लोकांना दोन-तीन एपिसोड बघायला पाठवायचे, त्याला स्क्रीनर म्हणतात, मग भाव, मग कॉन्ट्रॅक्ट, मग मास्टर फाइल त्यांच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे बनवून देणं. ऐकायला ग्लॅमर वाटतं पण अर्धा वेळ फाइल रिजेक्ट का झाली आणि पेमेंट का अडकलं हे विचारण्यात जातो. माझी बायको म्हणते तू वसुलीवाला आहेस, आणि ते फार खोटं नाहीये.

हा प्रकार सुरू कुठून झाला?

टीव्हीच्या बाबतीत अमेरिकेतून. तिथे गावागावाला स्वतःचं स्टेशन असतं, त्यातली बरीचशी एनबीसी, सीबीएस, एबीसी अशा नेटवर्कना जोडलेली. पण नेटवर्क दिवसातले काही तासच कार्यक्रम पुरवतं, उरलेला वेळ स्टेशनने स्वतः भरायचा. भरणार कशाने? एका गावाच्या स्टेशनला स्वतःचं सगळं बनवणं परवडत नाही. मग बाहेरून तयार कार्यक्रम आणणाऱ्या कंपन्या आल्या, त्या एकच कार्यक्रम शे-दीडशे स्टेशनांना वेगवेगळा विकायच्या, प्रत्येक गावात एकाच स्टेशनला. हेच सिंडिकेशन.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आय लव्ह लूसीची. १९५१ साली सुरू झालेली कॉमेडी. तेव्हा बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कहून लाइव्ह व्हायचे आणि हवेत विरून जायचे, फार तर स्क्रीनसमोर कॅमेरा लावून काढलेली धुरकट कॉपी उरायची. लूसिल बॉल आणि तिचा नवरा देसी अर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं, त्यांनी हट्टाने फिल्मवर शूट केलं, खर्च वाढला म्हणून स्वतःचं मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात एपिसोडची मालकी स्वतःकडे ठेवली. त्या वेळी जुना एपिसोड परत कोण बघणार असं वाटायचं लोकांना! पुढे तेच एपिसोड लाखो डॉलर्सना सीबीएसने विकत घेतले आणि आजही ते कुठे ना कुठे चालू असतात. मानधन कमी, मालकी आपली. आपल्याकडचे प्रोड्युसर नेमकं उलटं करतात, त्यावर खाली बोलूच.

मग १९७० मध्ये तिथल्या एफसीसीने, म्हणजे टीव्ही-रेडिओवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, दोन नियम काढले. एक म्हणजे नेटवर्कनी बाहेरच्यांच्या कार्यक्रमात आर्थिक हिस्सा घ्यायचा नाही आणि सिंडिकेशनचा धंदा करायचा नाही. त्यामुळे सीबीएसला आपला सिंडिकेशनचा विभाग १९७१ मध्ये वेगळा काढावा लागला आणि त्याचं नाव वायकॉम. हो, तेच वायकॉम, ज्याने पुढे १९९९-२००० मध्ये सीबीएसलाच गिळलं. दुसरा नियम, मोठ्या शहरांत प्राइम टाइममधला एक तास नेटवर्कचा माल चालणार नाही. तो रिकामा वेळ भरायला गेम शो घुसले, आणि किंग वर्ल्ड नावाची कंपनी व्हील ऑफ फॉर्च्युन, जेपर्डी आणि १९८६ पासून ओप्रा विन्फ्रीचा शो घरोघर पोचवून गब्बर झाली. दोन्ही नियम नव्वदच्या दशकात रद्द झाले पण तोवर ज्यांचं बस्तान बसायचं त्यांचं बसलं होतं.

ते १०० एपिसोडचं काय गणित असतं?

स्टेशनला जुनी सिरियल रोज हवी असते, सोमवार ते शुक्रवार एकाच वेळेला, म्हणजे लोकांना सवय लागते. आठवड्याला पाच धरले तर १०० एपिसोड वीस आठवडे पुरतात आणि मग परत पहिल्यापासून सुरू केलं तर प्रेक्षकाला फार जाणवत नाही. तिकडची सिरियल आठवड्याला एक एपिसोड, वर्षाला वीस-बावीस, म्हणजे शंभरी गाठायला चार-पाच वर्षं लागायची. तोवर प्रोड्युसर तोट्यातच बनवत असायचा, नेटवर्ककडून मिळणाऱ्या पैशात खर्च निघायचा नाही, सगळी आशा शंभराव्या एपिसोडवर. लहान मुलांच्या कार्टूनला ६५ चालायचे कारण पाच गुणिले तेरा आठवडे.

अपवाद पण आहेत हां. स्टार ट्रेक १९६९ ला बंद पडली तेव्हा तिचे जेमतेम ७९ एपिसोड होते, आणि ती खरी लोकप्रिय झाली ती बंद पडल्यावर, सिंडिकेशनमध्ये. बेवॉच तर एनबीसीने एका सीझननंतर काढून टाकली, मग १९९१ पासून ती थेट सिंडिकेशनसाठीच बनायला लागली आणि जगभर गेली.

आता आपल्याकडे बघा. मराठी डेली सोप आठवड्याला सहा दिवस, म्हणजे शंभर एपिसोड चार महिन्यांत होतात! चार दिवस सासूचेचे तर तीन हजारांवर गेले. त्यामुळे लोक मला अभिमानाने सांगतात की आमचे आठशे एपिसोड आहेत, आणि मी मनात म्हणतो, हीच तर अडचण आहे. आठशे एपिसोड रिपीट करायला स्लॉट कोणाकडे आहे, आणि एवढं सगळं डब करायचा खर्च कोण घालणार? मला दीडशेत संपणारी, नीट शेवट असलेली गोष्ट द्या, ती मी आधी विकून दाखवतो.

पैसे कसे मिळतात यात?

तीन प्रकार. रोख, म्हणजे एपिसोडमागे अमुक किंवा तासामागे अमुक. बार्टर, म्हणजे स्टेशन पैसे देत नाही, जाहिरातीची काही मिनिटं देतं आणि ती सिंडिकेटरने विकून खायची. आणि दोन्हीचं मिश्रण.

बार्टर ऐकून लोकांना वाटतं काहीतरी परदेशी भानगड आहे, पण आपल्या दूरदर्शनवर हेच चालायचं की. स्पॉन्सर्ड कार्यक्रम म्हणजे प्रोड्युसरने स्वतःच्या पैशाने बनवायचा, दूरदर्शनला टेलिकास्ट फी भरायची, आणि बदल्यात मिळणारा एफसीटी म्हणजे जाहिरातीचे सेकंद कंपन्यांना विकायचे. त्या काळी मीडिया एजन्सीच्या पायऱ्या झिजवलेले प्रोड्युसर अजून ठाण्यात आहेत, त्यांना अमेरिकन बार्टर पाच मिनिटांत समजतं, एमबीए केलेल्या पोरांना दोन दिवस लागतात.

अमेरिकेसारखं इथे का नाही झालं मग?

कारण इथे गावोगावची स्टेशनं कधी नव्हतीच. आधी एकटं दूरदर्शन, आणि १९९२ ला झी आल्यावर थेट सॅटेलाइट, एकदा वर सिग्नल सोडला की ठाणे काय आणि गडचिरोली काय, सगळीकडे एकाच वेळी दिसतं. मग ठाण्याच्या स्टेशनला वेगळा आणि नाशिकच्या स्टेशनला वेगळा विकायचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे तुकडे पडतात ते भाषेचे. तिकडे जे गाव करतं ते इथे भाषा करते. एकच गोष्ट बंगालीत श्रीमोयी, मराठीत आई कुठे काय करते, हिंदीत अनुपमा. तमिळची तिरुमती सेल्वम हिंदीत पवित्र रिश्ता झाली. आपली तुला पाहते रे कन्नडमध्ये जोते जोतेयली म्हणून गेली आणि तिकडे धो धो चालली. माझ्या मते भारतातलं खरं सिंडिकेशन हेच.

रीमेक आणि डबिंग यात फरक काय? विकताना सारखंच ना?

अजिबात नाही. डबिंगमध्ये तुमची बनलेली फाइल जाते, फक्त आवाज बदलतो. रीमेकमध्ये फक्त गोष्ट जाते, पात्रं, कथेचा सांगाडा, कधी लिहिलेले संवाद. त्याला कागदावर वेगळा हक्क लागतो आणि तो बऱ्याचदा वेगळ्या माणसाकडे असतो. कौन बनेगा करोडपतीसारखं असेल तर तो फॉरमॅट, त्यात सेटचा लुक, नियम, म्युझिक सगळं ठरलेलं पॅकेज येतं, मूळ ब्रिटनमधलं १९९८ चं. मी एकदा एका पार्टीला डबिंगचे राइट्स दिले आणि त्यांनी परस्पर रीमेकची बोलणी सुरू केली, कारण मीच ई-मेलमध्ये घाईघाईत "ऑल लँग्वेज राइट्स" असं लिहून बसलो होतो. चूक माझी होती. तीन आठवडे झोप नव्हती.

सिरियल ज्याने बनवली तोच मालक असतो ना?

इथे ९० टक्के लोक चुकतात, आणि त्यात प्रोड्युसर पण आले.

आजची बहुतेक सिरियल कमिशन्ड असते. चॅनेल एपिसोडमागे ठरलेले पैसे देतं, प्रोड्युसर त्यात बनवून आपला नफा काढतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याचं कलम १७ म्हणतं की दुसऱ्याने मोबदला देऊन त्याच्या सांगण्यावरून फिल्म बनवून घेतली तर, वेगळा करार नसेल तर, पहिला मालक तो बनवून घेणारा. शिवाय कॉन्ट्रॅक्टमध्ये चॅनेल ते स्पष्ट लिहूनच घेतं. म्हणजे घोडबंदरच्या सेटवर रात्री दोनपर्यंत राबणाऱ्या प्रोड्युसरकडे त्या सिरियलचं पुढे काहीच नसतं. तो बिल्डरचा कॉन्ट्रॅक्टर आहे, फ्लॅटचा मालक नाही.

पण स्पॉन्सर्ड काळातलं उलटं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने २८ मार्चपासून रामायण परत दाखवलं आठवतंय? १९८७ ला ते लागलं होतं दूरदर्शनवरच, तरी दाखवण्याआधी सागर कुटुंबाशी बोलावं लागलं, कारण हक्क त्यांच्याकडे. तसंच तमिळमध्ये सन टीव्हीने वर्षानुवर्षं स्लॉट मॉडेल चालवलं, प्रोड्युसर स्लॉटचे पैसे भरणार, जाहिराती स्वतः विकणार, आणि सिरियल त्याचीच राहणार. राधिका सरतकुमारची राडान कंपनी याच पद्धतीवर वाढली. जोखीम ज्याची मालकी त्याची, हे सूत्र सगळीकडे दिसतं.

राइट्सचे "तुकडे" करतात म्हणजे काय?

ही खरी गंमत आहे धंद्याची, म्हणून जरा सविस्तर.

समजा एक मराठी सिनेमा किंवा सिरियल आहे. मी विचारतो, कुठे? फक्त भारत, की भारत सोडून जग, की आखातातले देश वेगळे? कशावर? सॅटेलाइट टीव्ही, की पैसे भरून बघायचं ओटीटी, की फुकट जाहिरातवालं, की यूट्यूब, की विमान, की एसटीत लावतात तसं? कुठल्या भाषेत? किती वर्षं? त्या वर्षांत किती वेळा, याला रन म्हणतात, आणि चोवीस तासांत केलेला रिपीट त्याच रनमध्ये धरायचा की वेगळा, यावरून मी तास तास भांडलोय. एकट्यालाच की अजून कोणाला, म्हणजे एक्सक्लुझिव्ह की नॉन-एक्सक्लुझिव्ह. आणि होल्डबॅक, म्हणजे टीव्हीवर लागेपर्यंत ओटीटीवर येणार नाही किंवा त्याच्या उलट.

आता प्रत्येक तुकडा वेगळ्या माणसाला विकता येतो. हुशार सिंडिकेटर एकच माल सहा-सात ठिकाणी लावतो आणि मुदत संपली की परत लावतो. आणि आळशी प्रोड्युसर काय करतो? एकाच चेकवर "वर्ल्ड राइट्स, ऑल मीडिया, परपेच्युअल" म्हणजे सगळं जग, सगळी माध्यमं, कायमचं, असं लिहून देतो, कारण मुलीचं लग्न असतं किंवा फायनान्सर दारात उभा असतो. मी नावं ठेवत नाही, वेळ तशी असते. पण नंतर दहा वर्षांनी तोच माझ्याकडे येऊन विचारतो की माझा सिनेमा सगळीकडे दिसतोय, मला काहीच का मिळत नाही. काका, तुम्ही फ्लॅट विकलाय. भाडं कुठून येणार?

कॉन्ट्रॅक्टमध्ये मुदत, देश काहीच लिहिलं नसेल तर?

तर कायदा तुमच्या बाजूने थोडासा उभा राहतो. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावावर करणं लेखीच हवं, तोंडी चालत नाही, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने एक वर्षात तो हक्क वापरलाच नाही तर तो संपतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर अजून एक चांगली गोष्ट आली, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं त्याचे हक्क आपोआप जात नाहीत, त्याचं नाव घेऊन लिहिलेलं असावं लागतं. अर्थात समोरच्याचे वकील हे सगळं वाचून आलेले असतात, त्यामुळे आजच्या छापील करारात या सगळ्या फटी बुजवलेल्याच असतात. फिल्मचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे हा तुमच्या नातवाचा पण विषय आहे.

आपली मराठी सिरियल परदेशात का नाही विकली जात? हिंदीवाले तर सगळीकडे.

हिंदीवाले खरंच सगळीकडे. बालिका वधू व्हिएतनाममध्ये वर्षानुवर्षं चालली, स्टारचं २०१३ चं महाभारत इंडोनेशियात इतकं गाजलं की त्यातल्या कलाकारांना तिकडे बोलावून कार्यक्रम झाले, क्योंकि सास भी कभी बहू थीची तुलसी अफगाणिस्तानात घराघरात होती, इतकी की २००८ मध्ये तिथल्या सरकारने भारतीय सिरियल बंद करायचा हुकूम काढला.

मराठीचं अडतं ते बहुतेक वेळा गोष्टीपाशी नाही, साउंडपाशी. परदेशी बायर पहिला प्रश्न विचारतो, एम अँड ई ट्रॅक आहे का? म्हणजे संवाद सोडून फक्त म्युझिक आणि बाकीचे आवाज, दार, पावलं, भांडी, वेगळ्या ट्रॅकवर. तो असेल तर त्यावर त्यांच्या भाषेतले संवाद चढवता येतात. आपल्याकडे रोजच्या रोज एपिसोड सोडायची मारामार, रात्री मिक्स करून सकाळी पाठवला, सगळं एकात एक कालवलेलं. नंतर वेगळं करायचं म्हणजे शिजलेल्या खिचडीतून डाळ वेचायची.

दुसरं, क्यू शीट. कुठल्या मिनिटाला कुठलं संगीत वाजलं, कोणाचं आहे, याचा तक्ता. आपल्या हळदीच्या आणि मंगळागौरीच्या एपिसोडमध्ये सिनेमातली गाणी बिनधास्त वाजतात, चॅनेलचं म्युझिक कंपनीशी लायसन्स असतं म्हणून इथे चालून जातं, पण ते लायसन्स बाहेरच्या देशाला लागू नसेल तर तो एपिसोड जसाच्या तसा जाऊ शकत नाही. माझी एक अख्खी डील पडली होती अशी, २०१६ मध्ये, बायर तयार, भाव ठरला, आणि क्यू शीट मागितल्यावर प्रोड्युसर म्हणाला ती एडिटरकडे असेल, एडिटर म्हणाला मी दोन वर्षांपूर्वी सोडलं.

तिसरं, तिकडे तुर्की सिरियलची स्पर्धा जबरदस्त आहे. दिसायला देखण्या, गोष्ट संपते, कागद चोख. आपल्याकडे झिंदगी चॅनेलवर फेरिहा लागायची तेव्हा माझी आई डबिंग असूनही एक एपिसोड चुकवायची नाही, त्यावरून समजा.

तुमचं कमिशन किती?

ते माल बघून. दोन पद्धती असतात. एक, विक्रीतून टक्केवारी, अमेरिकेत मोठे वितरक साधारण तिसरा हिस्सा घेतात. दुसरी एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटी, मी तुम्हाला आधीच ठरावीक रक्कम देतो, विक्री झाली की आधी ती वसूल करतो आणि वरच्यात वाटा. एमजी ऐकायला गोड पण त्यात "आधी खर्च वजा" अशी ओळ असते, ती बघा. कसला खर्च, किती, कोणाच्या परवानगीने? फ्रान्सला कॅनच्या टीव्ही मार्केटला जाऊन केलेलं जेवण तुमच्या सिरियलच्या खात्यावर पडू नये. आणि हिशेब तपासायचा हक्क लिहून घ्या, माझ्याकडून पण. मोठ्यांमध्ये पण वाद होतातच, व्हील ऑफ फॉर्च्युन आणि जेपर्डी बनवते सोनी आणि विकायचं काम सीबीएसकडे होतं, २०२४ मध्ये सोनीने कोर्टात जाऊन सांगितलं की आम्हाला न विचारता लायसन्स दिली, सीबीएसने आरोप नाकारला. वकील ठेवायची दोघांची ऐपत आहे. तुमची माझी नाही, म्हणून आधीच लिहा.

कलाकारांना रिपीटचे पैसे मिळतात का?

अमेरिकेत हो, त्याला रेसिड्युअल म्हणतात, त्यासाठी १९६० मध्ये संप झाले आणि २०२३ मध्ये परत लेखकांनी १४८ दिवस संप केला, त्यात स्ट्रीमिंगच्या रेसिड्युअलचा मुद्दा मोठा होता. आपल्याकडे पर डे, म्हणजे शूटिंगच्या दिवसाचे पैसे, आणि संपलं. २०१२ च्या दुरुस्तीने लेखक-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क काढून घेता येत नाही असं केलं, कलाकारांसाठी पण कलम आहे, पण कायद्यात असणं वेगळं आणि खात्यात जमा होणं वेगळं. २०२० मध्ये मार्चच्या मध्यावर शूटिंग बंद पडली आणि चॅनेलवर जुन्या सिरियल लागल्या तेव्हा आमच्याच कॉम्प्लेक्समधली एक ताई रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसायची आणि घरी मात्र ईएमआय कसा भरायचा याचं टेन्शन.

सरळ यूट्यूबवर टाकून दिलं तर?

टाका की. पण आधी हक्क तुमचेच आहेत का बघा, कारण नसतील तर ज्याचे आहेत त्याच्या कंटेंट आयडीने, म्हणजे यूट्यूबच्या माल ओळखणाऱ्या यंत्रणेने, तुमच्या व्हिडिओवर दावा येईल आणि जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे जातील. दुसरं, एकदा सगळं फुकट टाकलं की टीव्हीवाला एक्सक्लुझिव्हचा भाव देत नाही. जुने, धूळ खात पडलेले कार्यक्रम टाकायला माझी ना नाही, शेमारूसारख्या कंपनीने १९६२ ला पुस्तकांच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीपासून सुरुवात करून, मग व्हिडिओ कॅसेट, मग सिनेमांचे हक्क, मग यूट्यूब आणि २०२० मध्ये मराठीबाणा चॅनेल असा प्रवास केलाच. पण त्यांनी आधी हक्क गोळा केले, मग टाकलं. आपण आधी टाकतो मग हक्क शोधतो.

ओटीटी आल्यावर तुमचा धंदा बसला असेल ना?

बसला नाही, कूस बदलली. नेटफ्लिक्सने फ्रेंड्ससाठी २०१९ या एका वर्षाचे सुमारे दहा कोटी डॉलर दिल्याच्या बातम्या होत्या, म्हणजे जुन्या मालाला भाव आहेच. इथे डीडी फ्री डिशवरची चॅनेल, दंगलसारखी, जुन्या सिरियलच्या जोरावर मोठ्या चॅनेलना मागे टाकून गेली होती. दक्षिणेतले सिनेमे हिंदीत डब करून गोल्डमाइन्सने तर साम्राज्य उभं केलं.

माझी खरी काळजी वेगळी आहे. विकत घेणारे कमी होतायत. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि वायकॉम १८ एकत्र झाले, म्हणजे स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एकाच छपराखाली. आधी एकाने नाही म्हटलं की मी दुसऱ्याकडे जायचो, आता दुसरा पहिल्याच्याच कँटीनमध्ये जेवतो. घासाघीस करायला समोर दोन माणसं लागतात हो.

मुलाला या लाइनमध्ये घालायचंय, काय शिकवू?

कॉन्ट्रॅक्ट वाचायला, एक्सेल, आणि इंग्लिश ई-मेल. फिल्म कोर्स नको. घणसोली-ऐरोली पट्ट्यात काही डिजिटल कंपन्यांच्या टीम बसतात, अंधेरी-लोअर परळचा प्रवास वाचतो, सुरुवात ऑपरेशन्समध्ये होते म्हणजे मेटाडेटा (एपिसोडचं नाव, कलाकार, भाषा अशी माहिती) भरणे, फाइल चेक करणे. कंटाळवाणं आहे. जो सहा महिने टिकतो त्याला राइट्स कळायला लागतात.

आमच्याकडे जुन्या टेप आहेत माळ्यावर, काही होईल का त्याचं?

हा प्रश्न नौपाड्यातल्या एका काकांचा, म्हणून शेवटी ठेवला. नव्वदच्या दशकात त्यांनी सह्याद्रीसाठी तेरा भागांची सिरियल केली होती, स्पॉन्सर्ड, घरचे दागिने ठेवून. एक दिवस रिक्षातून सुटकेस घेऊन आले, आत बीटाकॅम टेपा, प्रत्येकीवर काकूंच्या अक्षरात एपिसोड नंबर. आमच्या पोरांना वाटलं आता संपलं, बुरशी लागली असणार. अकरा टेपा व्यवस्थित निघाल्या, दोन गेल्या.

मी विचारलं, कागद? काका म्हणाले, कसले कागद, सगळ्यांना माहितीये माझीच आहे. ठाण्यात ज्याने रीसेलचा फ्लॅट घेतलाय त्याला मी एका वाक्यात सांगू शकतो, चेन ॲग्रीमेंट, म्हणजे आधीच्या सगळ्या मालकांचे करार, नसेल तर बँक लोन देत नाही. इथेही तेच, याला चेन ऑफ टायटलच म्हणतात. लेखकाशी करार, संगीतकाराशी करार, दूरदर्शनचं मंजुरीचं पत्र, टेलिकास्ट फीच्या पावत्या, पार्टनर होता तर तो वेगळा झाल्याचा कागद. सलग साखळी लागते, एक कडी नसली तर बायर हात लावत नाही. काकांकडे मंजुरीचं पत्र होतं, पावत्या काकूंनी पोळपाटाखालच्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवल्या होत्या, लेखक गेलेले पण त्यांच्या मुलीने डोंबिवलीहून येऊन सही दिली, एक रुपया मागितला नाही. पार्टनर मात्र सापडत नाहीये. चार महिने झाले, शेवटचा पत्ता चरईतल्या एका चाळीचा होता, तिथे आता टॉवर उभा आहे.

टेपा डिजिटाइझ करून ठेवल्यात, विकायला काढल्या नाहीत. काका दर शनिवारी येतात, एक एपिसोड बघतात, कोणता नट किती उशिरा यायचा ते सांगतात आणि जाताना विचारतात, सापडला का रे तो?